‘द बर्थ ऑफ अ नेशन’ (१९१५) बघताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मूकपटांवरच्या कुठल्याही अभ्यासवर्गात हा चित्रपट टाळता येत नाही, आणि दाखवला की पुढचे दोन तास वाद होतो. तेच ते प्रश्न दरवेळी येतात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत म्हणून हे पान.

गोष्ट काय आहे, थोडक्यात सांगाल का?

उत्तरेतलं स्टोनमन घराणं आणि दक्षिण कॅरोलायनातलं कॅमेरॉन घराणं. मुलांची दोस्ती, मग अमेरिकेचं यादवी युद्ध, दोन्हीकडची माणसं गारद, शेवटी लिंकनची हत्या. इथे पहिला भाग संपतो. दुसऱ्या भागात युद्धानंतरचा ‘पुनर्रचने’चा काळ येतो. गुलामगिरीतून सुटलेले लोक मतदान करू लागले आहेत, निवडून येऊ लागले आहेत, आणि चित्रपटाच्या मते जगबुडी झाली आहे. सायलस लिंच हा मिश्रवर्णीय पुढारी लेफ्टनंट गव्हर्नर होतो आणि स्टोनमनच्या मुलीशी, एल्सीशी, जबरदस्तीने लग्न लावू पाहतो. गस नावाचा कृष्णवर्णीय सैनिक कॅमेरॉनांच्या धाकट्या फ्लोराच्या मागे लागतो आणि ती कड्यावरून उडी टाकते. मग थोरला भाऊ बेन कॅमेरॉन कू क्लक्स क्लॅन ही गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी लढणारी गुप्त संघटना उभी करतो, आणि पांढरे झगे घातलेले घोडेस्वार सगळ्यांना ‘वाचवतात’.

दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ. आधार टॉमस डिक्सन या धर्मोपदेशक-लेखकाच्या १९०५ सालच्या ‘द क्लॅन्समन’ या कादंबरीचा. बारा रिळं, तीन तासांच्या आसपास लांबी.

कुणी बोलतच नाही, तर राजकारण शोधायचं कुठे?

न बोलणाऱ्या चित्रपटात ते जास्त उघडं असतं. बोलपटात पात्राच्या तोंडी वाक्य घालून दिग्दर्शक अंग काढून घेऊ शकतो: ‘ते त्याचं मत, माझं नाही.’ मूकपटात दृश्यांच्या मध्ये झळकणारी मजकुराची पाटी मात्र कुठल्याच पात्राची नसते, ती खुद्द चित्रपटाचा आवाज असते. इथे सुरुवातीलाच एक पाटी सांगते की आफ्रिकी माणसाला अमेरिकेत आणलं गेलं आणि फुटीचं पहिलं बी पेरलं गेलं. वाक्याची घडण बघा. आणणारा कोण, विकणारा कोण, चाबूक कुणाच्या हातात, काही नाही. जे आणले गेले तेच फुटीचं बी.

मी नेहमी सुचवतो तो प्रसंग म्हणजे दक्षिण कॅरोलायनाच्या विधिमंडळाचा. पाटी येते: ही १८७० सालच्या सभागृहाची ‘ऐतिहासिक प्रतिकृती’ आहे, अमुक वृत्तपत्राच्या छायाचित्रावरून केलेली. मग रिकामं सभागृह दिसतं. बाकं, कमानी, सगळं ठाकठीक, आणि त्याच चौकटीत हळूहळू विरघळत कृष्णवर्णीय सदस्य उगवतात. एक जण लपवलेल्या बाटलीतून घोट घेतोय. एकाच्या हातात कोंबडीची तंगडी. एकाने जोडा काढून अनवाणी पाय बाकावर टाकलाय, आणि अध्यक्ष नियम काढतात की सदस्यांनी पायात जोडे घालावेत. पुढे आंतरवर्णीय विवाहाला परवानगी देणारं विधेयक मंजूर होतं, आणि खालचे सगळे चेहरे एकदम वर वळतात. वरच्या सज्जात गोऱ्या बायका बसलेल्या असतात.

आता इथली हातचलाखी. छायाचित्र खरं आहे, पण ते बाकांचं आणि भिंतींचं. त्यात कोंबडी नाही, बाटली नाही. पाटीने ‘प्रतिकृती’ म्हटल्यामुळे भिंतींचा खरेपणा तंगडीला चिकटतो. आणि मतदानाच्या हक्कावरून नजर थेट सज्जातल्या बायकांवर नेणारा तो एक काप (एका दृश्यावरून झटकन दुसऱ्यावर जाणं, म्हणजे ‘कट’)! राजकीय हक्क मागणारा माणूस मुळात आमच्या लेकीबाळींवर टपलेला आहे, हे एकही शब्द न उच्चारता सांगून झालं.

पण त्या विधिमंडळात खरंच काय चालायचं?

कायदे व्हायचे. १८६८ साली दक्षिण कॅरोलायनाची नवी घटना झाली, तिने मालमत्तेची अट काढून पुरुषांना मताधिकार दिला आणि सर्वांसाठी सरकारी शाळांची तरतूद केली. ती घडवणाऱ्यांत रॉबर्ट स्मॉल्स होते. हे गुलाम म्हणून जन्मले. युद्धात, १८६२ साली, ‘प्लँटर’ हे दक्षिणेचं जहाज त्यांनी बंदरातून पळवलं आणि बायकामुलांसकट उत्तरेच्या आरमाराच्या ताब्यात नेऊन दिलं. पुढे ते अमेरिकेच्या काँग्रेसवर निवडून गेले. त्याच राज्यातले जोसेफ रेनी १८७० साली प्रतिनिधिगृहातले पहिले कृष्णवर्णीय सदस्य ठरले. असा माणूस चित्रपटात औषधालाही सापडत नाही.

त्या विधिमंडळात भ्रष्टाचार होता, हेही खरं. गोरे आणि काळे दोघंही त्यात होते, आणि त्या दशकात उत्तरेतल्या शहरांचे कारभारीही काही धुतल्या तांदळासारखे नव्हते.

सायलस लिंचच्या पदावर प्रत्यक्षात कोण होतं, तेही बघण्यासारखं आहे. १८७० साली दक्षिण कॅरोलायनाचे पहिले कृष्णवर्णीय लेफ्टनंट गव्हर्नर झाले अलोन्झो रॅन्झिअर. त्यांनी कुणाच्या मुलीला कोंडून ठेवलं नाही की साम्राज्याची स्वप्नं पाहिली नाहीत. काँग्रेसमध्ये एक कार्यकाळ केला, आणि पुनर्रचना मोडीत निघाल्यावर त्यांच्या वाट्याला चार्ल्स्टनमध्ये रात्रपाळीचा पहारा आणि रस्ते झाडण्याचं काम आलं. यावर कुणी बारा रिळं खर्च केली नाहीत.

आणि क्लॅन? चित्रपटातला प्रदेश हा दक्षिण कॅरोलायनाचा वरचा, डोंगराकडचा भाग. तिथे क्लॅनचे लोक रात्री घरात घुसून मतदारांना मारहाण करत, खून करत. अध्यक्ष ग्रँट यांना १८७१ साली त्याच राज्यातल्या नऊ काउंट्यांत बंदिप्रत्यक्षीकरणाचा, म्हणजे अटकेला न्यायालयात आव्हान देण्याचा, हक्क स्थगित करून लष्कराकरवी धरपकड करावी लागली. पडद्यावर शेवटी मतदानाचा दिवस येतो. कृष्णवर्णीय मतदार झोपडीबाहेर पाऊल टाकतात, समोर हत्यारबंद घोडेस्वारांची रांग बघतात आणि मुकाट्याने आत फिरतात. ग्रिफिथने हे आनंदी शेवटाचा भाग म्हणून टिपलंय. चित्रपटातला सगळ्यात खरा प्रसंग कदाचित हाच.

आपल्याकडेही सुरुवातीला पुरुषच बायकांची कामं करत. मग गोऱ्या नटाने तोंडाला काळं फासलं तर एवढं काय?

हा प्रश्न मराठी प्रेक्षकांतच येतो, आणि चांगला आहे. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये (१९१३) तारामती झाले ते अण्णा साळुंके, हॉटेलात काम करणारा तरुण. बाई मिळेना म्हणून. पुढच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या.

पहिला फरक हेतूचा. साळुंकेंच्या तारामतीकडे प्रेक्षकाने हात जोडून बघावं अशी अपेक्षा होती. वॉल्टर लाँग या गोऱ्या नटाने रंगवलेला गस मात्र वाकून, डोळे वटारून, कुंपणाआडून सरकत येतो. त्यामागे काळं फासून गुलामांची टर उडवणाऱ्या तमाशांची अमेरिकेतली जुनी परंपरा आहे. दुसरा फरक असा की इथे नट मिळत नव्हते असं नाही. गर्दीच्या दृश्यांत खरे कृष्णवर्णीय लोक आहेतच. मुख्य भूमिकांत त्यांना घ्यायचं नाही, हे ठरवून केलं होतं. काही चौकटींत रंगवलेला चेहरा आणि खरा चेहरा शेजारी शेजारी दिसतात. तिथे चित्र थांबवा. रंगवलेला माणूस कथेत बोलतोय, खरा माणूस मागे उभा आहे.

पण म्हणून आपण निर्धास्त व्हायचं कारण नाही. ‘बाई मिळेना’ यामागेही बाईला रंगभूमीवरून हद्दपार करणारी व्यवस्था होतीच. स्वतःची भूमिका स्वतः करायची मुभा कुणाला नव्हती, हा प्रश्न दोन्हीकडे लागू पडतो.

कला आणि विचार वेगळे ठेवता येणार नाहीत का? छायाचित्रण, संकलन अप्रतिम आहे म्हणतात.

अप्रतिम आहेच. बिली बिट्झरचं छायाचित्रण, लढाईची डोंगरावरून घेतलेली दृश्यं, गोल मिटत जाणारी चौकट, दोन ठिकाणच्या घटना आलटून पालटून दाखवणं. यातलं फारच थोडं ग्रिफिथने ‘शोधलं’. बरंचसं आधीपासून होतं, त्याने ते एका लांब कथेत बेमालूम विणलं.

पण वेगळं ठेवायचं म्हणजे काय करायचं? शेवटची दौड घ्या. झोपडीत कोंडलेलं कॅमेरॉन कुटुंब, दार फोडणारे सैनिक, काप. लिंचच्या घरात एल्सी, काप. धुळीचे लोट उडवत येणारी पांढरी फौज, काप. प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा आखूड. सोबतीला १९१५ च्या खेळांत वाद्यवृंद वॅग्नरचं वाल्किरींच्या स्वारीचं संगीत वाजवत असे. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा खुर्चीच्या कडेला सरकून बसलो होतो, आणि माझा पाय घोड्यांच्या टापांबरोबर ताल धरत होता. काय चाललंय हे पुरतं ठाऊक असताना. त्या क्षणी मला क्लॅन वेळेवर पोचायला हवी होती.

ही त्या संकलनाचीच करामत. चांगलं संकलन आणि वाईट विचार अशा दोन गोष्टी तिथे शेजारी ठेवलेल्या नाहीत. संकलन जितकं चांगलं तितका विचार आत उतरतो. म्हणून तंत्राचं कौतुक करताना ‘हे तंत्र माझ्याकडून कुणाची बाजू घेववतंय’ हे त्याच वाक्यात विचारावं लागतं.

बायकांचं चित्रण कसं आहे?

गोरी बाई म्हणजे राखायची वस्तू. फ्लोरा बादली घेऊन झऱ्यावर जाते, झाडावरच्या खारीकडे बघत हसते, आणि प्रेक्षकाला मागचा गस दिसत असतो. तिला कथेत करण्याजोगं एकच काम दिलंय: मरून भावाच्या हातात सूडाचं कारण देणं. कृष्णवर्णीय बाई एकतर मालकांसाठी जीव टाकणारी दाई, नाहीतर स्टोनमनच्या घरातली कारस्थानी मिश्रवर्णीय लिडिया.

मला सगळ्यात बोलकं वाटतं ते न दाखवलेलं. लिंच मिश्रवर्णीय, लिडिया मिश्रवर्णीय. चित्रपट तीन तास वर्णसंकराच्या नावाने बोटं मोडतो, पण ही माणसं आली कुठून हे एकदाही विचारत नाही. गोऱ्या मालकांनी गुलाम बायकांवर केलेल्या बलात्कारांतून अशा किती जणांचे जन्म झाले, हे दक्षिणेत प्रत्येकाला माहीत होतं. तो सगळा इतिहास उलटा करून गसच्या अंगावर घातलाय.

त्या काळी असंच चालायचं ना? आजच्या चष्म्यातून बघणं अन्यायाचं नाही का?

चष्मा १९१५ चाच आहे. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीच्या संघटनेने लॉस एंजेलिसच्या पहिल्या खेळापासून, म्हणजे ८ फेब्रुवारी १९१५ पासून, विरोध केला. बॉस्टनमध्ये विल्यम मन्रो ट्रॉटर हे संपादक एप्रिलमध्ये थिएटरवर लोक घेऊन गेले आणि अटक झाले. ओहायो आणि कॅन्सस राज्यांत चित्रपटावर बंदी आली. ‘तेव्हा कुणालाच खटकलं नाही’ असं म्हणताना ‘कुणाला’ या शब्दातून एक अख्खा समाज गळून पडतो.

बंदी शक्य झाली त्याचं कारण गमतीचं आहे. त्याच फेब्रुवारीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता की चित्रपट हा निव्वळ धंदा आहे, त्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण नाही. तो फिरवला गेला थेट १९५२ मध्ये.

अध्यक्ष विल्सन याला ‘विजेने लिहिलेला इतिहास’ म्हणाले होते, हे खरं का?

खेळ झाला हे खरं: १८ फेब्रुवारी १९१५, व्हाइट हाउस. डिक्सन आणि विल्सन हे विद्यार्थिदशेपासूनचे ओळखीचे. ते वाक्य मात्र समकालीन नोंदीत सापडत नाही, फार नंतर छापलं गेलं. बहुतेक इतिहासकार ते खरं धरत नाहीत. गदारोळ वाढल्यावर विल्सनच्या सचिवांनी कळवलंही की अध्यक्षांनी या चित्रपटाला कधी पसंती दिलेली नाही.

पण त्या वाक्याची गरज काय? विल्सन हे स्वतः इतिहासाचे प्राध्यापक, आणि त्यांच्या पुस्तकातली वाक्यं त्यांच्या नावासकट चित्रपटात पाट्यांवर आहेत. त्यात टिंबटिंब टाकून मधला मजकूर गाळलाय. क्लॅनच्या बेबंद हिंसेबद्दल विल्सननी जे लिहिलं होतं, ते पाटीपर्यंत पोचलं नाही.

या चित्रपटामुळे क्लॅन पुन्हा उभी राहिली का?

एकट्या चित्रपटामुळे असं म्हणणं ताणल्यासारखं होईल. स्थलांतरितांचा द्वेष, महायुद्धाचा ताण, बरीच कारणं होती. पण विल्यम सिमन्सने नोव्हेंबर १९१५ मध्ये जॉर्जियातल्या स्टोन माउंटनवर नवी क्लॅन स्थापन केली ती चित्रपट अटलांटात लागण्याच्या तोंडावर, हे योगायोगाने झालेलं नाही. त्या रात्री तिथे क्रूस पेटवला गेला. जुन्या क्लॅनमध्ये ही चाल नव्हतीच. ती डिक्सनच्या कादंबरीतून पडद्यावर आणि पडद्यावरून डोंगरावर गेली.

ग्रिफिथने पुढे ‘इन्टॉलरन्स’ (असहिष्णुता) हा चित्रपट काढून प्रायश्चित्त घेतलं ना?

नाही. त्याला वाटत होतं की असहिष्णुता त्याच्यावर झाली, विरोधकांकडून. १९१६ साली त्याने अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर पत्रकही छापलं. दक्षिणेच्या सैन्यातल्या एका कर्नलचा हा मुलगा; घरात ऐकलेल्या गोष्टी त्याने पडद्यावर आणल्या आणि त्या खोट्या असतील ही शंका त्याला शिवली नाही.

आपला याच्याशी संबंध काय?

वाटतो त्याहून जवळचा. चित्रपट ज्या वर्षांना अंधारयुग म्हणतो त्याच वर्षांत, १८७३ मध्ये, पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ छापलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना, ज्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी औदार्य आणि स्वार्थत्याग दाखवला. एकाच घटनेकडे पुण्याच्या त्या माळ्याने आशेने पाहिलं आणि केंटकीच्या त्या दिग्दर्शकाने भीतीने.

दुसरा धागा न्यूयॉर्कचा. ३ मार्च १९१५ रोजी चित्रपट तिथल्या लिबर्टी थिएटरला लागला आणि महिनोन्‌महिने चालला. चांगल्या जागेचं तिकीट दोन डॉलर, त्या काळी चित्रपटासाठी न ऐकलेला दर. त्या वेळी भीमराव आंबेडकर त्याच शहरात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. आणि पुनर्रचना म्हणजे अडाण्यांच्या हाती सत्ता देण्याची घोडचूक, हे मत पांडित्याच्या भाषेत मांडणारे विल्यम डनिंग त्याच विद्यापीठात प्राध्यापक होते. ग्रिफिथने हवेतून काही काढलं नव्हतं, ते तेव्हाचं मान्यताप्राप्त संशोधन होतं. त्याची चिरफाड डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विद्वानाने १९३५ च्या आपल्या ग्रंथात केली. १९४६ मध्ये आंबेडकरांनी ड्यू बॉइसना पत्र लिहिलं आणि संयुक्त राष्ट्रांकडे पाठवायच्या कृष्णवर्णीयांच्या निवेदनाबद्दल विचारणा केली.

आणखी एक जागा मराठी माणसाला थबकवते. झोपडीत उत्तरेचे आणि दक्षिणेचे जुने सैनिक एकत्र येतात तेव्हा पाटी म्हणते की पूर्वीचे शत्रू आपल्या ‘आर्य’ जन्मसिद्ध हक्काच्या रक्षणासाठी एक झाले. हे दोन्ही शब्द त्याच दशकांत आपल्याकडेही जोरात होते. कोण कुणाविरुद्ध वापरत होतं, हे ज्याने त्याने तपासावं.

हीच कसोटी आपल्या मूकपटांना लावता येईल?

लावावीच. हरिश्चंद्राची गोष्ट आपण सत्यनिष्ठेची म्हणून ऐकतो. पण राजाच्या पतनाचा तळ कोणता? तो डोंबाघरी राबतो, मसणवटा राखतो. त्याहून खाली काही नाही, हे गृहीत धरल्याशिवाय त्या दुःखाला धार येत नाही. आणि त्या डोंबाचं पुढे काय होतं, याची कुणाला फिकीर नसते.

उलट बाजूही आहे. कोहिनूर फिल्म कंपनीच्या ‘भक्त विदुर’मध्ये (१९२१) विदुराला गांधींसारखा वेश दिला होता. कथा महाभारतातली, पण सरकारला टोपी बरोबर दिसली, आणि कराची व मद्रासमध्ये बंदी आली. बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ (१९२५) कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यावर होता. तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. तो आता नाहीसा झालाय, त्यामुळे चौकट थांबवून बघायची सोयच उरली नाही.

कुठली प्रत बघावी, आणि सोबत काय?

अमेरिकेत हक्क संपलेले असल्याने प्रती इंटरनेटवर सहज मिळतात, पण गल्लत फार. १९३० ची ध्वनी जोडलेली, कापलेली आवृत्ती टाळा. कमी वेगात चालवलेली, तीन तासांच्या जवळपासची, मूळ रंगछटा असलेली प्रत घ्या. विधिमंडळाचा आणि शेवटच्या दौडीचा प्रसंग एकदा आवाज बंद करून बघा.

आणि त्याच आठवड्यात ऑस्कर मिशो या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाचा ‘विदिन अवर गेट्स’ (१९२०) बघा. त्यात झुंडीने फासावर चढवलेलं कुटुंब आहे, आणि समांतर संकलन ग्रिफिथसारखंच, फक्त यात गोरा माणूस कृष्णवर्णीय मुलीवर चालून येतो. हा चित्रपट कित्येक दशकं बेपत्ता होता. त्याची एकमेव प्रत सापडली स्पेनमध्ये, ‘ला नेग्रा’ या नावाने, स्पॅनिश पाट्यांची. ग्रिफिथच्या पाट्या शाबूत होत्या. मिशोच्या बहुतेक पाट्या स्पॅनिशवरून पुन्हा इंग्रजीत आणाव्या लागल्या.